उसातली दुसरी रेघ

आण्णाप्पा आपल्या दारात ट्रॅक्टर घेऊन येईल असं जिनदत्तला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. बारा वर्षं झाली, दोघांत शब्द नाही. निपाणीच्या बाजारात समोरासमोर आले तर एकजण पानपट्टीकडं वळणार, दुसरा उगाच चपलेचा अंगठा चाचपत वाकणार. शेजारी शेजारी रानं, एकाच पाणंदीनं येणं-जाणं, आणि तरी हा असला अबोला. तोच आण्णाप्पा आज भर पावसात डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन अंगणात पंचावन्न हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवर बसला होता. मागं ट्रॉली, ट्रॉलीत वाळूची पोती, पाण्यात ट्रॉली तरंगू नये म्हणून. म्हणजे गडी उजाडल्यापासून ह्याच तयारीला लागला होता.

"निशा," त्यानं हाक मारली ती जिनदत्तच्या पोरीला. "बापाला सांग तुझ्या, वैनीला उचलून आणा म्हणावं. माझ्या ट्रॅक्टरचं धुराडं वर हाय. तुमचा बारका ट्रॅक्टर अर्ध्या वाटंत बंद पडतोय. आणि हे बी सांग, मी वैनीसाठी आलोय. बाकी कुणासाठी न्हाय."

जिनदत्तला नको म्हणायची सोय नव्हती. आत चंपाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास कोंडत होता.

त्यांच्या किडन्यांनी काम सोडून दोन वर्षं झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी निपाणीच्या दवाखान्यात चार-चार तास डायलिसिस, मग कुठं दोन-तीन दिवस बरे जायचे. ह्या सोमवारी वेदगंगेचं पाणी पुलावरनं गेलं आणि जाणं चुकलं. आज गुरुवार. पाय सुजून टम्म झालेले, ओठ काळसर. सकाळी डॉक्टर फोनवर निशाला म्हणाले, दुपारच्या आत आणा, रक्तातलं पोटॅशियम असंच चढत राहिलं तर हृदय कधीही थांबेल. पुरासाठीच्या कंट्रोल रूमचा माणूस कन्नडमधून अगदी गोड बोलला. पण बोट दुसऱ्या गावात अडकलीय, संध्याकाळ होईल, एवढाच त्याच्या गोड बोलण्याचा अर्थ.

उरली होती ती पाणंद. गावापासून हायवेपर्यंत एक किलोमीटर. हायवे उंचावर, तिथं ॲम्ब्युलन्स येऊन थांबणार होती. पण पाणंदीवर कमरेएवढं पाणी, आणि त्यातच काल दुधाची पिकअप घसरलेली. ड्रायव्हर पोहून निघाला, गाडीचं टपसुद्धा वर दिसत नव्हतं. म्हणजे मध्ये कुठंतरी रस्ता वाहून गेला होता. कुठं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळीकडं एकसारखं तांबडं पाणी, आणि पाऊस असा की पुढचं चाक दिसंल तर शपथ.

निशा तोवर ट्रॅक्टरच्या नाकाडावर एक लांब बांबू उभा बांधत होती. बांबूच्या टोकाला मुठीएवढा कॅमेरा. पोरगी बेळगावात एका छोट्या कंपनीत होती. पिकाच्या ओळी ओळखून ट्रॅक्टरला सरळ चालवणारा डोळा तयार करायचा, हे त्यांचं काम. उभ्या उसावर तो डोळा पारखून बघायला म्हणून ती गेल्या शनिवारी घरी आली आणि पुरात अडकली. जिनदत्तला त्या कामाचा अभिमान होता, पण कळत त्यातलं काही नव्हतं.

"हे काय बुजगावणं लावायलाईस गं?" आण्णाप्पानं विचारलं.

"काका, तुमच्या-माझ्या डोळ्याला ह्या पावसात काय बी दिसणार न्हाय. ह्याला दिसंल."

"ह्याला काय पाऊस लागत न्हाय व्हय?"

"लागतोय की. पण त्याची युक्ती हाय." ती गाठ मारत मारत सांगू लागली. "चित्रात लाखो ठिपकं असत्यात. थेंब, फेस, पाला, झाडं, सगळ्यांचा नुसता कालवा. एकट्या ठिपक्यावर इस्वास ठेवायचा न्हाय. परत्येकाला मत टाकायला लावायचं. तुझ्यातनं कुठली कुठली सरळ रेघ जाईल, त्या सगळ्या रेघांना एकेक मत दे म्हणायचं. थेंबांची मतं चारी दिशांना उधळून जात्यात. रांगेतल्या झाडांची मतं मातर एकाच रेघंला पडत्यात. जिला लई मतं, ती रेघ धरायची."

"आणि थेंबांनी मिळून पॅनेल केलं तर?"

"पुढच्या चित्रात थेंब त्याच जागंवर नसतोय, झाड असतंय. सेकंदाला पंधरा चित्रं काढतो. सगळ्यांत टिकंल ती रेघ खरी."

"म्हणजे पळणाऱ्यांची मतं बाद," आण्णाप्पा म्हणाला. "आमच्या पंचायतीला हे मशीन पायजे हुतं." तो हसला नाही, पण बोलला तरी. जिनदत्तला तेवढ्यानंही बरं वाटलं.

चंपाबाईंना गादीसकट ट्रॉलीत ठेवलं. पाठीला उश्या, वरून ताडपत्री. जिनदत्त त्यांना धरून बसला. निशा ट्रॉलीच्या पुढच्या फळीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्यावर पारदर्शक पिशवी ओढून बसली. आण्णाप्पाच्या पाठीपासून हातभरावर. ट्रॅक्टर पाण्यात उतरला.

पहिली दोनशे पावलं बरी गेली. स्क्रीनवर नुसता करडा गोंधळ होता, मुंग्या आल्यासारखा. मग त्या गोंधळातून एक हिरवी रेघ वर आली, थरथरली आणि ठाम झाली. "सिल्व्हर ओकची रांग," निशा म्हणाली. "काका, झाडं डाव्या अंगाला धरा. त्यांच्यापासनं चार फूट. बास, असंच."

ती झाडं जिनदत्तनंच लावली होती. पाणंदीच्या डाव्या बाजूला त्याचा ऊस, उजव्या बाजूला आण्णाप्पाचं रान, आणि उसाच्या कडेनं ही सरळ रांग. गावातला कुणीही सांगेल, पाणंदीची हद्द म्हणजे जिनदत्तचे ओक. आज त्या झाडांच्या आधारानं आपली बायको वाचणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा धीर आला.

तेवढ्यात स्क्रीनवर दुसरी रेघ उमटली.

पिवळी, बारीक, हिरव्या रेघेच्या डावीकडं. उसाच्या आत. दिसायची, पुसली जायची, परत दिसायची.

"हे काय?" निशा स्वतःशीच पुटपुटली. तिनं चित्र मोठं केलं. "ओकच्या आत आठ-नऊ फुटांवर रेघ दाखवतंय. तितं ऊस हाय नुसता." मग नीट बघून बापाला म्हणाली, "आप्पा, झाडांच्या बाजूचा पट्टा बुटका हाय. चांगला तीन फुटांनी बुटका. बुटका ऊस संपून उंच ऊस सुरू होतोय त्याची कड धरलीया मशीननं. एकदम सरळ कड. असं कसं?"

जिनदत्तनं स्क्रीनवरची नजर काढून घेतली. बारा वर्षांत जे माणसाच्या नजरेस पडलं नाही, ते ह्या बांबूवरच्या डबड्यानं दहा मिनिटांत काढलं होतं.

कारण तो ऊस बुटका का, हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. त्या उसाखाली जुनी पाणंद होती. खरी पाणंद, नऊ फूट रुंद, दुष्काळी कामात बायाबाप्यांनी खडी फोडून, दगड ठोकून बसवलेली. जिनदत्तच्या हातात शेत आलं तेव्हापासून त्यानं दरसाल नांगरताना एक तास जास्त घातलं. एक तास म्हणजे नांगराची एक ओळ, हातभर जागा. हातभर जागेसाठी कोण भांडतंय. आणि खरं सांगायचं तर बांध थोडा थोडा कोरायचा हे त्या भागात कुणाला नवीन नव्हतं. फक्त जिनदत्तला थांबायचं कुठं ते कळलं नाही. वर तळ्यातला गाळ आणून पसरला, ऊस लावला. पाणंद बिचारी सरकत सरकत आण्णाप्पाच्या काळ्या रानात गेली, आणि लोकांनी तिच्यावर मुरूम टाकून तिलाच रस्ता म्हणायला सुरुवात केली.

आण्णाप्पा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं पंच बोलावले. जिनदत्तच्या उसात खणून बघा म्हणाला. पंच म्हणाले, खणायचं कशाला, जैनाचा माणूस आहे, बस्तीत देवासमोर सांगू दे. आणि जिनदत्त गावच्या जैन मंदिरात, त्या बस्तीत, मूर्तीसमोर, चार माणसांदेखत म्हणाला, माझ्या उसाखाली रस्त्याचा एक खडा न्हाय. झालं. विषय मिटला. पुढच्याच महिन्यात त्यानं नव्या कडेनं ओक लावले.

त्या दिवशी संध्याकाळी चंपाबाईंनी गोड सोडलं. साखर, गूळ, काहीच नाही. नेम घेतला म्हणाल्या. त्यांच्या घराण्यात नेम काही विशेष नाही. कुणी चार महिने मीठ सोडतं, कुणी तूप. किती दिवसांचा, असं जिनदत्तनं विचारलं. मुदत न्हाय, त्या म्हणाल्या, मला कळंल तवा सोडीन. त्यानं पुढं काही विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. बारा वर्षं बाई बिनसाखरेचा चहा पीत होती, नवऱ्याच्या रानात शंभर टन ऊस असून.

"आप्पा, इचारतीया मी. तितला ऊस बुटका का?"

आण्णाप्पानं मान वळवली नाही. पण त्याचा पाय रेसवरनं जरा हलका झाला. तो ऐकत होता.

"चुनखडीचा पट्टा हाय तितं," जिनदत्त म्हणाला. "मुळी खाली जात न्हाय."

"असंल," निशा म्हणाली. "मग ही रेघ कामाची न्हाय. हिच्यानं मशीन दोन डगरींवर पाय ठेवायलंय, एकदा ओक धरतंय, एकदा उसात घुसतंय. किती मतं पडली की रेघ मानायची ती हद्द मी वाढवती. म्हणजे ही बाद होईल." तिनं दोन-चार बटणं दाबली. पिवळी रेघ विझली. हिरवी एकटी राहिली.

जिनदत्तनं श्वास सोडला. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. बायकोचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तिचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता.

ट्रॅक्टर पुढं सरकत राहिला. पाणी डावीकडून, नदीच्या अंगानं येऊन पाणंद ओलांडत होतं. ओकच्या बुंध्यांना धडका देऊन उजवीकडं आण्णाप्पाच्या रानात पडत होतं. ट्रॉली मधूनच तरंगायला लागल्यासारखी हलायची. वाळूची पोती होती म्हणून बरं.

"काका, थांबा," निशा अचानक म्हणाली. "म्होरं पाणी येगळं दिसतंय. इथवर पाण्याला लाटा हैत, रस्ता वर हाय म्हणून पाणी घासून जातंय. तितं लाटच न्हाय. गप्प हाय पाणी."

"किती लांब?"

"पंधरा फूट. न्हाय, कमीच."

आण्णाप्पानं ब्रेक दाबला, पण खालचा मुरूम तोवर सैल झाला होता. उजवं पुढचं चाक हळूच खाली गेलं. बोनेट तिरकं झालं. पाणी एकदम दिव्यापर्यंत आलं. निशाचा लॅपटॉप मांडीवरनं घसरला, तिनं कोपरानं अडवला. जिनदत्तनं चंपाबाईंना दोन्ही हातांनी आवळून धरलं. कुणी ओरडलं नाही. इंजिन गुरगुरत राहिलं, तेवढाच आवाज.

आण्णाप्पानं रिव्हर्स टाकला. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर सरळ मागं घेणं हे कोरड्या रस्त्यावरसुद्धा येरागबाळ्याचं काम नव्हे. तो वळून, एक हात मडगार्डवर, एक हात स्टेअरिंगवर, ट्रॉलीच्या कडा बघत, बोटभर बोटभर मागं आणत गेला. चाक एकदा फिरलं, नुसतंच फिरलं, मग कशालातरी लागलं आणि वर आलं. वीस-पंचवीस फूट मागं येऊन तो थांबला.

"रस्ता न्हाय तितं," तो म्हणाला. "पार गेलाय. मुरूम होता नुसता, धुऊन गेला."

"उजवीकडनं?" निशानं विचारलं.

"उजवीकडं माझं काळं रान. ट्रॅक्टर बोनेटापातूर रुतंल."

"मग?"

आण्णाप्पानं घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. मागं जायचं तर संध्याकाळच्या बोटीची वाट बघायची. निशानं आईचं मनगट हातात घेतलं, नाडी बघितली, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "थांबून थांबून लागतीया," ती म्हणाली. "आप्पा, मधेच थांबतीया."

चंपाबाईंचे डोळे उघडे होते. त्या जिनदत्तकडं बघत होत्या. बोलायला श्वास तरी कुठं होता.

आता जिनदत्तची गोष्ट अशी की, त्याला सगळं माहीत होतं. नदीचं पाणी जुन्या खडीवरनं येत होतं. खडी घट्ट, तिच्यावर गाळ, उसाची मुळं, ती जागची हलली नव्हती. तिच्यावरनं पाणी पडून पलीकडचा मुरूम तेवढा पोखरला गेला होता. ट्रॅक्टर जाईल असा घट्ट नऊ फुटांचा रस्ता त्या छोट्या पुलाच्या मोरीपर्यंत, थेट हायवेच्या चढापर्यंत, तिथंच होता. त्याच्या उसाखाली. बोलायचं तर बस्तीतला तो शब्द मोडत होता, पोरीसमोर, आणि नेमकं त्या माणसासमोर. मग चंपाबाईंचा श्वास एकदा थांबला. पुरते चार आकडे मोजून होतील एवढा थांबला, आणि परत सुरू झाला.

"निशा," तो म्हणाला. "ती रेघ परत आण."

"कुठली?"

"उसातली. बाद केलीस ती. ती खोटी न्हाय."

तिनं बापाकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"आण्णाप्पा," जिनदत्त म्हणाला. बारा वर्षांनी हे नाव त्याच्या तोंडातून त्या माणसाच्या दिशेनं निघालं. "चुनखडी-बिनखडी काय न्हाय. जुनी खडी हाय माझ्या उसाखाली. नऊच्या नऊ फूट. मी खाल्लीया पाणंद. बस्तीत खोटं बोललो."

पाऊस पडत होता. आण्णाप्पा पाठमोरा तसाच बसून राहिला. त्याच्या डोक्यावरच्या पोत्यावरनं पाणी गळत होतं. जिनदत्तला वाटलं, आता हा उतरून जाईल, आणि गेला तर त्याला नाव ठेवायला आपल्याला तोंड नाही.

"मोरीपातूर हाय?" आण्णाप्पानं विचारलं.

"मोरीपातूर."

"वर गाळ किती घातलाईस?"

"फूटभर."

"मागं तुझ्या रानात शिरायची वाट हाय, ओकच्या मधनं. तितनं आत घेतो. तू उतर. म्होरं चाल. पायाला खडी लागंल तितनंच मी येणार." मग तो वळला आणि पहिल्यांदा सरळ जिनदत्तच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आणि आता खोटं बोललास तर चौघं बी जातोय."

चंपाबाईंना उशीला टेकवून जिनदत्त उतरला. पाणी कमरेला लागलं. हातात बांबूचा तुकडा घेऊन तो ओकच्या फटीतून आपल्याच रानात शिरला. मागं ट्रॅक्टरनं वळण घेतलं, ऊस कडाकडा मोडला. फूटभर मऊ चिखलात पाय गेला, आणि त्याखाली कडक, खडबडीत, ओळखीचं काहीतरी तळव्याला लागलं. चप्पल केव्हाच वाहून गेली होती. "हाय," तो म्हणाला. "हितं हाय."

पण उसात शिरल्यावर माणूस आंधळा होतो. बुटका म्हटला तरी ऊस डोक्यावर. उसाची पाती तोंडाला, कानाला कापत होती. पट्टा कुठला, उंच ऊस कुठला, आतून काही कळत नव्हतं. ते दिसत होतं फक्त त्या बांबूवरच्या कॅमेऱ्याला, आणि पिवळी रेघ होती निशाच्या मांडीवर.

"आप्पा, डावीकडं एक पाऊल. बास. सरळ. सरळ चला."

तो चालला. पाऊल टाकायचं, तळव्यानं दगड चाचपायचा, हात वर करायचा. हात वर केला की ट्रॅक्टर एक हात पुढं यायचा. असं शंभर पावलं. असं दीडशे. एका ठिकाणी निशा म्हणाली, "डावीकडं या," आणि जिनदत्तला वाटलं, ह्या रानात मी जन्म काढला, मला शिकवतीया व्हय; त्यानं पाऊल उजवीकडं टाकलं. खाली काहीच नव्हतं. तो गळ्यापर्यंत गेला, पाण्यानं त्याला ओढलं, उसाचं एक बेट हाताला लागलं तेवढ्यावर तो लटकला. नाकातोंडात पाणी. "आप्पा," निशा रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी सांगती ते ऐका की." तो खोकत खोकत वर आला आणि त्यानं मान हलवली. त्यानंतर त्यानं पोरीचं ऐकलं.

मग पुढं ऊस आडवा पडलेला लागला. वाऱ्यानं लोळवलेला, बुटका-उंच सगळा एक झालेला. मागून निशाचा आवाज आला. "आप्पा, रेघ गेली. मतंच पडंनात. वीसभर फूट मला काय बी दिसत न्हाय."

जिनदत्त थांबला. पाणी छातीवर दाबत होतं. मागं इंजिन होतं, आणि इंजिनामागं ताडपत्रीखाली त्याची बायको. त्यानं डोळे मिटले. कुठल्या साली कुठलं तास घातलं हे त्याला पाठ होतं. चोरी करणाऱ्याला ती पाठ असतेच. इथंच कुठंतरी सातव्या वर्षी त्याचा फाळ तुटला होता. पाणंदीच्या कडेचा मोठा काळा दगड, निम्मा पुरलेला. पहारीनंही हलला नव्हता, म्हणून त्यानं तो तसाच गाळाखाली झाकला होता. तो पायानं चाचपत राहिला. डावीकडं नाही. पुढं नाही. अर्धं पाऊल उजवीकडं, आणि अंगठा दाणकन आपटला. नख उचकटलं असावं. एवढं दुखणं त्याला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"दगडाच्या डाव्या अंगानं ये," त्यानं आण्णाप्पाला सांगितलं. "दगड म्हणजे कड."

"आलो," आण्णाप्पा म्हणाला.

पडलेला ऊस चाकांखाली चेंगरत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीचं उजवं चाक दगडाला घासून गेलं. थोड्याच वेळात निशाचा आवाज आला, रेघ परत मिळाली म्हणून. त्यानंतर ओक संपले, मोरीचा कठडा दिसला, पाणी गुडघ्याला आलं, मग घोट्याला. हायवेच्या चढावर ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा फिरत होता. आण्णाप्पानं ट्रॅक्टर थेट तिच्या दारात नेऊन लावला.

दवाखान्यात चंपाबाईंना सरळ आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. मग चार तास. जिनदत्त आणि आण्णाप्पा बाहेरच्या बाकावर बसले, दोन टोकांना, ओल्या कपड्यांनी. जिनदत्तचं तोंड उसाच्या पात्यांनी चिरलं होतं. अंगठ्याला नर्सनं पट्टी बांधली होती.

बऱ्याच वेळानं जिनदत्त म्हणाला, "पाणी उतरलं की बस्तीत माणसं बोलवतो. तितंच सांगतो. सगळ्यांसमोर."

"सांग की."

"तुला ठाऊक हुतं न्हवं?"

"मला कशाला ठाऊक असंल? मी काय उसाखाली शिरून बघितलंय?" आण्णाप्पानं डोक्यावरनं हात फिरवला. "मला वाटत हुतं. मग तू देवासमोर बोललास आणि मला वाटाय लागलं, आपलंच चुकलं. बारा वर्सं मी सोताला खोटा समजत आलो, जिनदत्त. त्येचा राग हाय मला. जागंचा न्हाय."

जिनदत्त खाली बघत राहिला आणि त्याचे डोळे गळू लागले. आण्णाप्पानं ते बघितलं. थोडा वेळ गेल्यावर तो बाकावर हातभर इकडं सरकला, बस्स.

पाचच्या सुमाराला आत सोडलं. चंपाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ओठांना रंग आला होता. निशानं कॅन्टीनमधून चहा आणला. आण्णाप्पाला, बापाला, आणि आईसाठी डॉक्टरांना विचारून अर्धा कप, बिनसाखरेचा, बारा वर्षांच्या सवयीनं वेगळा सांगून आणलेला.

चंपाबाईंनी कप घेतला. आत बघितला. मग परत पोरीच्या हातात दिला.

"साखर घालून आण."

"आई, तुझा नेम?"

"सपला गं," चंपाबाई म्हणाल्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. "ट्रॉलीत हुतो तवाच सपला."